चावी गाडीत, आपण बाहेर

वाचकांचे प्रश्न : मोटारीची कुलपं

गाडी लॉक झाली आणि चावी आतच राहिली, या विषयावर बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. ज्या प्रश्नाला वेळ अजिबात नसतो तो सगळ्यांत आधी.

प्रश्न : दोन वर्षांची मुलगी मागच्या सीटवर, रिमोट तिच्याच हातात, तिने खेळता खेळता बटण दाबलं आणि गाडी लॉक झाली. इंजिन बंद. अशा वेळी काच कधी फोडायची, कोणती आणि कशाने? (चंद्रपूर)

उत्तर : गाडी उन्हात आणि इंजिन बंद असेल तर काच लगेच फोडायची. चावीवाल्याची वाट पाहायची नाही. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढतं, तासाभरात २० अंशांहून जास्त, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन गेलेली असते. काच बोटभर खाली ठेवलेली असली तरी फारसा फरक पडत नाही. चंद्रपुरात बाहेर ४४ अंश असताना आत काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं.

गाडी सावलीत असेल, मूल जागं असेल आणि तुमच्याकडे बघत असेल, तर एक-दोन मिनिटं प्रयत्न करता येतो. रिमोट त्याच्याच हातात आहे, तेव्हा काचेतून खुणेने ‘हे बटण दाब’ असं दाखवा. तीन-चार वर्षांचं मूल आतला खटका ओढू शकतं. पण मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर आतून हँडल ओढून दार उघडत नाही. मग त्याला पुढच्या सीटवर यायला सांगावं लागतं. हे चालू असताना दुसऱ्या कोणीतरी ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ फिरवलेला असला पाहिजे. मूल रडायचं थांबलं, मान टाकली, चेहरा लाल आणि कोरडा दिसू लागला, की प्रयत्न तिथेच थांबवायचे आणि काच फोडायची.

मुलापासून सगळ्यांत लांबची दाराची काच निवडा. मूल मागे डावीकडे असेल तर पुढची उजवी. समोरच्या काचेच्या वाटेला जाऊ नका, ती लॅमिनेटेड असते. तडे जातात, पण मधल्या प्लॅस्टिकच्या थरामुळे ती फुटून पडत नाही. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड (म्हणजेच टेम्पर्ड) असतात आणि एकदा फुटल्या की त्यांचे डाळीएवढे बोथट दाणे होतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘टेम्पर्ड’ किंवा ‘लॅमिनेटेड’ छापलेलं असतं. आपल्या गाडीवर ते आजच वाचून ठेवा. काही महागड्या गाड्यांत पुढच्या दारांनाही लॅमिनेटेड काच असते. तिथे मागच्या दाराची काच पाहायची.

मारायचं ते कोपऱ्यात, कडेपासून चार-पाच सेंटिमीटर आत. मध्यभागी काच लवते आणि मार परत फेकते. स्प्रिंगचा काचफोड्या असेल तर टोक काचेला काटकोनात टेकवून खट्‌ होईपर्यंत दाबायचं. अमेरिकेतल्या एएए या मोटार संघटनेने २०१९ मध्ये अशी सहा साधनं तपासली होती. टफन्ड काच चार साधनांनी फुटली आणि स्प्रिंगवाली साधनं हातोडीवाल्यांपेक्षा सरस ठरली. लॅमिनेटेड काच एकानेही फुटली नाही. हे साधन स्वतःच्या गाडीत ठेवून या प्रसंगात उपयोग नाही, कारण तेही आतच अडकतं. घराच्या चाव्यांच्या जुडग्यात मावणारं छोटं मॉडेल घ्या. काहीच जवळ नसेल तर शेजारच्या गाडीवाल्याकडून किंवा रिक्षावाल्याकडून व्हील पाना, हातोडी किंवा टॉमी मागा आणि टोकदार बाजूने मारा. दगडाने आठ-दहा फटके वाया जातात. कोपराने किंवा मुठीने तर कधीच मारू नका.

मारताना चेहरा वळवा आणि हाताला जाड कापड गुंडाळा. काचेला फिल्म असेल तर फुटलेली काच जागेवरच लोंबत राहते. ती पान्याने आत ढकला. हात आत घालून आतलं हँडल ओढा, खिडकीतून मुलाला बाहेर ओढू नका. अलार्म वाजेल, वाजू द्या. मूल सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओतून वारा घाला. शुद्धीत असेल तरच पाण्याचे घोट द्या आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : गाडी दुसऱ्याची असेल आणि आत मूल तडफडताना दिसलं तर? काच फोडली म्हणून आपल्यावरच गुन्हा नोंदला जाईल का? (ठाणे)

उत्तर : भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये याचं उत्तर आहे. गुन्ह्याचा हेतू नसताना, एखाद्या माणसाची किंवा मालमत्तेची दुसरी हानी टाळण्यासाठी सद्‌भावनेने केलेली कृती, तिच्यामुळे नुकसान होणार हे माहीत असलं तरी, गुन्हा ठरत नाही. आधी ११२ ला फोन करा म्हणजे वेळेची नोंद राहते. दोन माणसं साक्षीला बोलवा, जमल्यास मोबाइलवर चित्रण चालू ठेवा, आणि पोलीस येईपर्यंत जागा सोडू नका.

प्रश्न : चावीवाले दारात हवेची पिशवी घालून गाडी उघडतात. हा संच आता सहज विकत मिळतो. स्वतःच्या गाडीवर वापरावा का? (नाशिक)

उत्तर : वापरता येतो. पण हात बसलेला नसेल तर चावी मिळते आणि दार कायमचं वाकडं होतं. काय घडतं ते नीट समजून घ्या.

संचात साधारण तीन वस्तू असतात : प्लॅस्टिकची पाचर, हातपंपाची चपटी पिशवी आणि सव्वा ते दीड मीटर लांबीची, पाच-सहा मिलिमीटर जाडीची, टोकाला रबर लावलेली सळई. काचेच्या भोवतीची दाराची चौकट वरच्या मागच्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त लवते, कारण बिजागरं पुढे असतात आणि कुलूप खाली. म्हणून तोच कोपरा धरायचा. आधी तिथल्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. पाचरीने किंचित फट करा, रिकामी पिशवी निम्म्याहून थोडी जास्त आत सरकवा आणि हळू पंप करा. फट दहा मिलिमीटर झाली की थांबायचं. सळईला तेवढी पुरते. पिशवीचा दाब चौकटीवर आला पाहिजे. काचेच्या कडेवर आला तर काच जाते.

बहुतेक नुकसान हव्यासाने होतं. सळई नीट फिरत नाही म्हणून आणखी चार दाब दिले जातात, आणि पत्रा लवायच्या मर्यादेपलीकडे गेला की परत येत नाही. मग सत्तरच्या वेगाला शिट्टी वाजू लागते आणि पहिल्या पावसात सीट भिजते. स्क्रूड्रायव्हरने फट करणं त्याहून वाईट. सगळा जोर एका बिंदूवर येतो, रंग उडतो, आणि कोकणात तर तिथूनच गंज धरतो. दारावर पावसाळी व्हायझर चिकटवलेले असतील तर ते तडकतात किंवा सुटतात. ज्या गाड्यांच्या काचेला चौकटच नसते त्यांवर ही पद्धत वापरायचीच नाही.

सळई आत गेल्यावर कुठे न्यायची हे आधी ठरवा. पुष्कळ गाड्यांत पुढच्या दाराचं आतलं हँडल एकदा ओढलं की कुलूप सुटतं आणि दुसऱ्यांदा ओढलं की दार उघडतं, म्हणून पहिला प्रयत्न हँडलवर. ते जमलं नाही तर अनलॉकचं बटण. रिमोटने लॉक केल्यावर काही गाड्यांत हे बटण मुद्दाम निकामी होतं, तेव्हा तिथे दहा मिनिटं घालवू नका. काही युरोपीय गाड्यांत दुहेरी लॉक असतं. त्यात हँडलही काम करत नाही. चावी सीटवर समोरच दिसत असेल आणि तिला कडी असेल तर सरळ चावीच उचलायची. समोरच्या दाराची फट करून पलीकडच्या दाराकडे सळई नेली तर ती नजरेसमोर राहते. त्याच दाराच्या आत खाली वाकवून काम करताना टोक दिसत नाही.

पिशवी ओढून काढू नका, आधी हवा सोडा. दार उघडल्यावर कागदाची एक पट्टी त्या कोपऱ्यात ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडखळत आली तर रबर नीट दाबतंय. सहज निघाली तर चौकट हलली आहे. पाइपने पाणी मारून पाहा, पाऊस येण्याआधीच कळलेलं बरं.

प्रश्न : जुनी गाडी गॅरेजवाल्याने काचेच्या रबरातून पट्टी घालून अर्ध्या मिनिटात उघडली होती. नव्या गाडीवर तीच पट्टी चालवली आणि आता खिडकीची काच तिरकी वर येते. असं का? (सांगली)

उत्तर : जुन्या दारात खटक्यापासून कुलपापर्यंत एक उघडी उभी सळई असायची. पट्टीच्या खाचेत ती सळई पकडून वर ओढली की काम झालं. नव्या दारांत तिच्या जागी बहुधा नळीतली केबल असते आणि कुलपाला वरून झाकण असतं. पट्टीला पकडायला काही राहिलेलं नाही. मात्र त्याच पोकळीत आता खिडकीची मोटर, काच वर-खाली नेणारी यंत्रणा, स्पीकरच्या वायरी आणि कित्येक गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा एअरबॅगचा सेन्सर असतो. पट्टी आंधळेपणाने फिरते आणि जे हाताला लागेल ते ओढते. तुमच्या गाडीत काच ज्या रबरी खोबणीतून सरकते ती खोबण जागेवरून सुटली असावी. काच वर-खाली करणं बंद करा, आतलं पॅनेल उघडून खोबण बसवून घ्या आणि त्याच वेळी वायरींचे सॉकेट तपासायला सांगा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा जळत राहिला असेल तर त्या कामाला उशीर करू नका.

काचेच्या कडेला गोल डोक्याचं उभं बटण असलेल्या जुन्या गाड्यांना तर पट्टीचीही गरज नाही. दोन मीटर मजबूत दोरीच्या मध्यभागी सरकफास बांधा, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून करवतीसारखी पुढे-मागे करत आत सोडा, फास बटणावर बसवा, दोन्ही टोकं ओढून आवळा आणि वर खेचा. बटण वर निमुळतं असेल तर फास निसटतो.

प्रश्न : पुश स्टार्टची गाडी आहे. रिमोट बंद पडला आणि दार उघडेना. चावी लावायला भोकच दिसत नाही. (पणजी)

उत्तर : भोक आहे, झाकलेलं आहे. आधी चावी : रिमोटच्या बाजूला किंवा मागे छोटी कळ असते, ती सरकवली की आतून पोलादी पातं निघतं. आता चालकाच्या दाराचं हँडल पाहा. हँडलच्या मागच्या टोकाला गाडीच्याच रंगाची टोपी असते आणि तिच्या खालच्या बाजूला बारीक खाच. खाचेत पात्याचं टोक घालून टोपी अलगद उचकटा. काही गाड्यांत हँडल ओढून धरल्याशिवाय टोपी सुटत नाही. आत भोक दिसेल. काही मॉडेलांत भोक टोपीशिवाय उघडंच असतं, फक्त हँडलच्या खालून दिसतं.

पात्याने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. बंद पडलेला रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि त्याच रिमोटने बटण दाबा. रिमोटमधल्या इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपला बॅटरी लागत नाही. बटणाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला जवळच्या जवळ वीज मिळते. गाडी सुरू होते, अलार्म थांबतो. काही गाड्यांत रिमोट ठेवण्याची जागा कप होल्डरच्या तळाशी किंवा कन्सोलच्या कप्प्यात असते. ती पुस्तिकेत पाहून ठेवा.

रिमोटची बॅटरी बहुधा सीआर २०३२ असते : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. दिसायला तशीच असणारी २०२५ मात्र २.५ मिलिमीटर जाडीची. ती घातली तर सैल बसते आणि खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो. आधी जुनीवरचा आकडा वाचा. दोन्ही बाजू बोटांच्या चिमटीत धरू नका, कडेने धरा.

गोव्यात आणि कोकणपट्टीत वेगळीच अडचण येते. रिमोटमुळे वर्षानुवर्षं कुलपात चावी जातच नाही आणि खाऱ्या हवेने आतल्या पत्त्या चिकटून बसतात. मग ऐन वेळी जोर लावला की पातं पिळतं. गंज सोडवणारा स्प्रे नळीने आत मारा, दहा मिनिटं थांबा, चावी वीस-पंचवीस वेळा फक्त आत-बाहेर करा, फिरवू नका. सुटल्यावर कोरडं ग्राफाइट किंवा टेफ्लॉनचा स्प्रे द्या. खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका, धूळ धरून त्याचा चिकटा होतो. यापुढे दर महिन्याला एकदा दार पात्यानेच उघडायचं.

प्रश्न : गाडी महिनाभर उभी होती. मोठी बॅटरीच उतरली. चालकाचं दार चावीने उघडलं, पण डिकी उघडत नाही आणि जंपर केबल डिकीतच आहे. (पुणे)

उत्तर : डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणून ते अडलं आहे. हॅचबॅक किंवा एसयूव्ही असेल तर मागची सीट पाडून डिकीत शिरा. पाचव्या, म्हणजे डिकीच्या, दाराच्या आतल्या बाजूला कुलपाजवळ नखाने निघणारं छोटं प्लॅस्टिकचं झाकण असतं. त्यामागची पांढरी किंवा काळी कळ स्क्रूड्रायव्हरने एका बाजूला ढकलली की दार सुटतं. सेडानमध्ये मागची पाठ पडत नसेल तर डिकीचा नाद सोडा आणि दुसऱ्याची केबल आणून बॉनेटकडून वीज द्या. बॉनेटची कळ चालकाच्या गुडघ्याजवळ असते आणि ती तारेवर चालते, तिला बॅटरी लागत नाही.

केबलचा क्रम : लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि दुसरं टोक तुमच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला. ते टोक बॅटरीला लावायचं नाही, ठिणगी बॅटरीपासून लांब पडली पाहिजे. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. विजेच्या गाडीलाही ही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर खालची मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही दारं उघडत नाहीत.

प्रश्न : स्मार्ट चावी आत असताना गाडी लॉकच होत नाही असं सांगितलं होतं. तरी झाली. फोनही आतच. (नवी मुंबई)

उत्तर : गाडी चावीला आतून हाक मारते आणि उत्तर आलं तर लॉक व्हायला नकार देते. चावी स्टीलच्या डब्याशेजारी, लॅपटॉपखाली किंवा फॉइलच्या पिशवीत असेल, किंवा तिची बॅटरी अशक्त असेल, तर उत्तर पोहोचत नाही आणि गाडीला वाटतं चावी आत नाही. आणखी एक कारण : रिमोटने अनलॉक करून अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही की पुष्कळ गाड्या आपोआप पुन्हा लॉक होतात. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगच्या संचांत तर इंजिन चालू असतानाही हे होऊ शकतं. तसं झालं आणि गाडी बंद गॅरेजात असेल तर आधी शटर उघडा, धूर साठू देऊ नका.

गाडीला कंपनीचं ॲप असेल तर कोणाच्याही फोनवर ते उतरवून अनलॉक करता येतं. पण तीन ठिकाणी गाडं अडतं. ओटीपी आत अडकलेल्या फोनवर जातो. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीलाच नेटवर्क नसतं. किंवा मोफत मुदत संपून सेवा बंद झालेली असते. यावर उपाय म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला आजच ॲपमध्ये जोडून ठेवणं आणि मुदत तपासणं.

प्रश्न : घरी ठेवलेल्या रिमोटचा आवाज फोनवरून ऐकवला की गाडी उघडते, टेनिस बॉल कुलपावर दाबला की उघडते, असे व्हिडिओ येतात. खरं का? (अकोला)

उत्तर : दोन्ही खोटे. रिमोट आवाज पाठवत नाही, रेडिओलहरी पाठवतो, आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर. फोनचा माइक फक्त आवाज उचलतो. आणि कुलपाच्या भोकातून फुंकलेली हवा खटक्यापर्यंत नेणारी नळी दारात नसतेच.

प्रश्न : चावीवाला बोलवायचा तर काय पाहायचं? आणि काच फोडावी लागली तर विमा मिळतो का? (लातूर)

उत्तर : आधी पॉलिसी पाहा. रोडसाइड असिस्टन्सचं कलम असेल तर चावी आत अडकल्यावर माणूस पाठवणं बहुधा त्यात येतं. तो मिळाला नाही तरच रस्त्यावरचा चावीवाला. जो कागद मागतो तो माणूस चांगला. आरसी गाडीतच अडकलेली असणार, म्हणून ती डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवा. तिला मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. काहीही न विचारता जो तुमची गाडी उघडतो, तो उद्या दुसऱ्याला तुमची गाडी उघडून देईल. काम सुरू होण्याआधी दोन गोष्टी ठरवा : एकूण पैसे किती, आणि दाराची चौकट वाकवणार की कुलपातून उघडणार. कुशल कारागीर कुलपाच्या पत्त्या एकेक करून जागेवर बसवतो आणि दाराला ओरखडाही येत नाही. त्याला वेळ जास्त लागतो, पैसेही जास्त पडतात, पण दिलेले बरे. गाडीच्या दारांचा फोटो आधीच काढून ठेवा.

काच सर्वंकष विम्यात येते आणि काचेवर घसारा कापला जात नाही. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये तुमच्याच खिशातून जातात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. छोट्या गाडीच्या एका दाराच्या काचेसाठी दावा बहुधा परवडत नाही. दोन्ही आकडे मांडून मगच अर्ज करा. मागच्या बाजूची छोटी तिकोनी काच स्वस्त पडेल म्हणून तीच फोडू नका. ती अनेकदा चिकटवलेली असते आणि बसवायला दाराच्या काचेपेक्षा महाग पडू शकते.